माझ्या भिंतीवर कोण, हे तू ठरवणार काय बे?

दोस्तांनो, परवा चळवळीतल्या एका जाणत्या भाऊनं मले झापलं. म्हणे, लेका, गोंदियाच्या राईस मिलमधी हमाल धानाचे कट्टे वाहून मरते, अन् तू लॅपटॉपवर बाहुल्यांची घरं बांधत बसला?

होय, बसलो. घराचा प्रश्न बाहुल्यांचा असता तर मीही उठलो असतो.

'द सिम्स' हा खेळ विल राइट नावाच्या अमेरिकन माणसाचा. 1991 च्या ओकलंडच्या आगीत त्याचं घर जळालं. नव्यानं घर मांडता मांडता त्याला हा खेळ सुचला. 2000 साली तो बाजारात आला. मराठवाड्यात 1978 साली आमचीही घरं जळाली. जाळली. आम्हाला खेळ सुचला नाही. छप्पर शोधायचं होतं.

2022 च्या ऑक्टोबरात 'सिम्स 4' चा मूळ खेळ फुकट झाला, म्हणून तो माझ्यासारख्याच्या जुन्या लॅपटॉपवर आला. आत काय? हिरवळ, दुमजली घर, गुळगुळीत माणसं. जात नाही. पांढरपेशे दोस्त म्हणतात, बघ, किती छान, इथं तरी राजकारण आणू नको. अरे, कोरी भिंत म्हणजे समता नव्हे. कोरी भिंतसुद्धा कुणीतरी ठरवलेली असते.

ह्या खेळात गडद कातडी राखेसारखी दिसायची. अमीरा व्हर्जिल ह्या काळ्या खेळाडू बाईनं कंपनीची वाट पाहिली नाही. स्वतः रंग कालवले, 'मेलॅनिन पॅक' काढला, लोकांत वाटला. कंपनीनं शंभरावर नवे रंग दिले ते 2020 च्या डिसेंबरात. आधी लोकांनी केलं, मग मालकाला दिसलं. मॉड म्हणजे हेच. दुसऱ्यानं बनवलेल्या जगात आपला हात घालणं.

अन् हात घालायला इंजिनिअर लागत नाही. 'सिम्स 4 स्टुडिओ' फुकट मिळतो. खेळातलं एखादं चित्र घ्यायचं, त्याची नक्कल काढायची, आपला फोटो त्यावर चढवायचा, पॅकेज फाइल करून मॉड्सच्या फोल्डरात टाकायची. एका रात्रीत माझ्या सिमच्या बैठकीत बाबासाहेब लागले. समोरच्या भिंतीवर. दार उघडलं की पहिले तेच.

2023 च्या डिसेंबरात 'फॉर रेंट' आलं. त्यात घरमालक अन् भाडेकरू. मालक नियम लावतो, पण आडनाव विचारत नाही. मले नागपुरात विचारलं होतं. "पूर्ण नाव?" सांगितलं. खोली कालच गेली म्हणे. आठवडाभर 'भाड्याने देणे' ची पाटी तिथंच लटकत होती.

पायथॉन शिकून असा मालक खेळात घालायचं डोक्यात होतं. दोस्त म्हणाला, काहून बे, तिथंबी तेच भोगाचं काय? मी थांबलो. त्याला तिथं पोसून कुणाला शिकवू? ज्याला कळायला पाहिजे तो मॉड बंद करून झोपेल. आपला फोटो मात्र त्याच्या पडद्यावर जाऊ दे. फुकट जाऊ दे. विकू नका रे, वाटा.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. कंपनीचा नवा पॅच आला की मॉड आपोआप बंद होतात. सेटिंगमधली खूण पुसली जाते. फाइल फोल्डरातच असते, पण भिंतीवरचा फोटो गायब. दरवेळी जाऊन खूण परत करावी लागते, खेळ परत चालू करावा लागतो. कुरकुरू नका. एकदा मिळालं ते कायमचं मिळालं, असं आपल्या बाबतीत कधी झालं?

आता माझीच गचांडी धरतो. पुढं जी खोली मिळाली, तिथं बाबासाहेबांची तसबीर मी पेटीत ठेवली होती. तळाशी, कपड्याखाली. लॅपटॉपमधी भिंतीवर अन् खोलीत पेटीत! हा कसला मॉड? ही तर लपाछपी.

भाऊ, तू झापलं ते ह्यासाठी झापायला पाहिजे होतं.

काल खिळा ठोकला. आवाज ऐकून घरमालक वर आला. बघून गेला. बोलला काही नाही अजून. विचारेल तर सांगीन. पूर्ण नाव.

जय भीम.