परदेशी सहलीचे पैसे भरण्यापूर्वी

हुडकेश्वरहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. यंदा त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. भिशी आणि आरडीतून साठवलेल्या पैशांत दोघांनी युरोप पाहावा, सासूबाईंनाही न्यावं, असा बेत आहे. तीन कंपन्यांची पत्रकं त्यांनी आणली आहेत. त्या लिहितात, ‘‘सर्वांत स्वस्त सहलीत देश सर्वांत जास्त आहेत. सवलत या आठवड्यात संपते म्हणतात. तीच घ्यावी ना?’’

बाई, थोडं थांबा. घरातली पेन्सिल घ्या आणि तिन्ही पत्रकं समोर ठेवा. बसने फिरवणारी सहल वाईट मुळीच नाही. भाषेची अडचण नाही, सामान उचलायला माणूस, सोबतीला आपली मंडळी. पण पत्रकातले देश मोजू नका. एकेका गावातल्या रात्री मोजा.

समजा लिहिलंय, ‘12 दिवस, 7 देश’. पहिला दिवस मुंबईच्या विमानतळावर गेला, शेवटचा परतीच्या विमानात. उरले 10. त्यात सहा-सात वेळा हॉटेल बदलायचं, म्हणजे जवळजवळ रोज पहाटे उठून तिघांच्या बॅगा भरायच्या. घरचं आवरणं चुकवायला निघालो आणि तिथेही तेच! माझ्या जाऊबाई अशाच सहलीला जाऊन आल्या. कसं वाटलं, विचारलं तर म्हणाल्या, ‘‘बसूनच राहिलो ना बाई आम्ही! स्वित्झर्लंड पाहिलं, पण काचेतून.’’

आता दोन गावांमधलं अंतर लिहा. पॅरिस ते ब्रुसेल्स सुमारे 300 किलोमीटर, आपल्या नागपूर-जबलपूरहून थोडं जास्त. रोम ते व्हेनिस 500च्या वर, म्हणजे नागपूर-हैद्राबाद. शिवाय तिथल्या चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर 45 मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, आणि दिवसाला साधारण 9 तासांवर चालवता येत नाही. नियम चांगलाच आहे. पण उशीर झाला की काट मारली जाते ती तुमच्या पाहण्याला. ज्या दिवशी पाच तासांहून अधिक प्रवास आहे, त्या दिवसापुढे फुली मारा. फुल्या फार झाल्या तर सासूबाईंच्या गुडघ्यांना ती सहल झेपायची नाही.

मग शब्द तपासा. ‘बाहेरून दर्शन’ म्हणजे आत जायचं नाही. ‘फोटोसाठी थांबा’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. ‘ऐच्छिक’ म्हणजे वेगळे पैसे, आणि बर्फाचा डोंगर किंवा नदीतली बोट बहुधा तिथेच लपलेली असते. हॉटेलपुढे ‘किंवा तत्सम’ लिहिलं असेल तर ते गावापासून किती दूर आहे, हे विचारा. गावाबाहेरचं हॉटेल असलं की संध्याकाळी पाय मोकळे करायलाही कुठे जाता येत नाही.

त्यानंतर पैसे. जाहिरातीतल्या आकड्याखाली या ओळी लिहा : नागपूर-मुंबई जाणं-येणं, व्हिसा, विमा, जीएसटी, टीसीएस, रोजची बक्षिसी, पत्रकात नसलेली जेवणं, ऐच्छिक स्थळं. भाव रुपये अधिक युरो असा असेल, तर युरोचा दर कोणत्या दिवशीचा धरणार, तेही विचारा. तिघे एका खोलीत राहणार असाल तर तिसरी खाट खरी की घडीची? बेरीज करा. स्वस्त म्हणून वर ठेवलेलं पत्रक पुष्कळदा खाली जातं.

शेंगेन व्हिसाची फी जून 2024 पासून मोठ्या माणसाला 90 युरो आहे. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. लंडनही असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा. युरोपसाठी निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच. सासूबाईंना आधीपासून रक्तदाब वा साखर असेल, तर ते दुखणं विम्यात धरलंय का, हे लेखी घ्या.

टीसीएस हा प्राप्तिकराचा आगाऊ भाग आहे, तो बुडत नाही. पण तुमच्या पॅनवर जमा झाला, तर परत मिळवायला विवरणपत्रही तुमच्याच नावाने भरावं लागतं. घरखर्चातून साठवणाऱ्या बायकांच्या हे लक्षात येत नाही आणि पैसे तिथेच राहतात.

कंपनी जुनी आहे, एवढ्यावर विसंबू नका. 1841 मध्ये पहिली सहल काढणाऱ्या थॉमस कुक यांच्या नावाची ब्रिटनमधली कंपनी 23 सप्टेंबर 2019 ला एका रात्रीत बंद पडली. (भारतातली त्या नावाची कंपनी वेगळी आहे.) हजारो प्रवासी त्या वेळी परदेशात होते. म्हणून सगळी रक्कम एकदम भरू नका. हप्त्यांनी, बँकेमार्फत भरा आणि पावती घ्या. आपण सहल रद्द केली, व्हिसा नाकारला गेला किंवा माणसं कमी म्हणून त्यांनीच रद्द केली, तर किती परत मिळणार, हे पैसे भरण्याआधी वाचा. तोंडी कबुली कामाची नाही. पुढे फसगत झालीच, तर 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी मुंबईच्या खेपा नकोत. 1915 या क्रमांकावर सल्लाही मिळतो.

आणि हो, त्याच कंपनीबरोबर त्याच सहलीला गेलेल्या एखाद्या बाईला गाठा. ‘सहल कशी झाली?’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. ‘हॉटेलवर रोज किती वाजता पोचायच्या?’ आणि ‘घरून नेलेल्यापैकी वर किती खर्च झाला?’ असं विचारा.

सवलत संपते तर संपू द्या. ती पुढच्या महिन्यात दुसऱ्या नावाने येईल. तुमची पंचवीस वर्षांची साठवण मात्र पुन्हा लवकर जमायची नाही. सातऐवजी तीनच देश झाले तरी चालेल. संध्याकाळी तिघं मिळून एखाद्या चौकातल्या बाकावर निवांत बसलात, तर सहल झाली असं समजा.