पूर्ण पैसे, अर्धा इतिहास

केप टाउनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला पाहुण्यांची कधी कमतरता पडत नाही. टेबल माउंटन होतो, पेंग्विन बघून होतात, केप पॉइंटच्या पाटीपाशी फोटो होतात आणि मग ठरलेली फर्माईश येते, "ती जुन्या द्राक्षमळ्यांची वाइन टूर असते ना, ती करायचीच!" करा की. जरूर करा. मळे सुंदर आहेत, वाइन उत्तम आहे, जेवण तर फारच चांगलं असतं. माझं भांडण वाइनशी नाही. (वाइन पिणाऱ्यांशी तर नाहीच नाही!) माझं भांडण आहे ते या टूरमध्ये विकल्या जाणाऱ्या 'ऐतिहासिक' या शब्दाशी.

ज्यांनी ही टूर केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सकाळी नऊला बस निघते. कॉन्स्टान्शिया, स्टेलेनबॉश, फ्रान्शहुक अशी नावं असतात. पहिल्या मळ्यावर चार-पाच वाइन चाखायच्या, दुसऱ्यावर सोबत चीज, तिसऱ्यावर चॉकलेट, आणि दुपारी मोठ्या ओक झाडाखाली पांढऱ्या टेबलक्लॉथवर निवांत जेवण. मागे डोंगर, समोर चुन्याने रंगवलेली, नक्षीदार दर्शनी भिंतीची डच हवेली. एका मळ्याहून दुसऱ्या मळ्याला जाताना गाइड इतिहास सांगतो.

तो इतिहास मला आता पाठ झालाय. १६५२ साली यान वान रिबेक इथे उतरला. २ फेब्रुवारी १६५९ ला केपच्या द्राक्षांची पहिली वाइन निघाली आणि त्याने तशी रोजनिशीत नोंद केली. १६८५ साली सायमन वान डर स्टेलला कॉन्स्टान्शियाची जमीन मिळाली. १६८८ मध्ये फ्रान्समधून ह्युगेनो निर्वासित आले आणि त्यांनी फ्रान्शहुकचं खोरं वसवलं. १७७८ मध्ये हेन्ड्रिक क्लुटेने ग्रूट कॉन्स्टान्शिया विकत घेतलं आणि तिथली गोड वाइन युरोपभर गाजली. सेंट हेलेनावर कैदेत असलेल्या नेपोलियनसाठी ती जात असे. जेन ऑस्टेनच्या १८११ च्या कादंबरीत तिचा उल्लेख आहे. टाळ्या. पुढचा ग्लास.

यातलं काहीही खोटं नाही. हीच तर गंमत आहे. फक्त १६५९ च्या आधीचं १६५८ साल गाळलेलं असतं.

२८ मार्च १६५८ ला 'आमर्सफोर्ट' नावाचं जहाज केपच्या बंदरात लागलं. त्यात अंगोलाहून आणलेले गुलाम होते, त्यात पुष्कळशी लहान मुलं. त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेतून दुसरं जहाज आलं. म्हणजे आधी गुलाम आले आणि वर्षाच्या आत पहिली वाइन निघाली. या दोन तारखा एकमेकींच्या शेजारी ठेवल्या की गोष्ट आपोआप कळते. गाइड त्यातली एकच सांगतो.

मी पडलो इंजिनिअर. कुठलीही मोठी इमारत बघितली की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो मनुष्यबळाचा. द्राक्षमळा म्हणजे नुसती वेल नव्हे. जमीन साफ करायची, खड्डे खणायचे, वेली लावायच्या, दरवर्षी छाटणी, खुरपणी, ऐन उन्हाळ्यात तोडणी, मग द्राक्षं पायांनी तुडवायची, पिंपं बनवायची आणि वाहून न्यायची. आपल्याकडे नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराला विचारा, एका एकराला किती हात लागतात ते. मूठभर डच आणि फ्रेंच कुटुंबांनी हे स्वतःच्या हातांनी केलं असेल, असं मानायला फार भाबडं असावं लागतं. १६५० च्या दशकापासून १८०८ साली ब्रिटिशांनी गुलामांची आयात बंद करेपर्यंत सुमारे ६३ हजार माणसं गुलाम म्हणून केपला आणली गेली. त्या हवेल्या, ती तळघरं, ते मळे म्हणजे त्यांचं काम.

आणि आता आपल्यासाठी खास गोष्ट. या ६३ हजारांपैकी साधारण एक चतुर्थांश माणसं भारतातून आणलेली होती. बंगाल, मलबार, कोरोमंडल किनारा. मालकांनी नावं दिली ती अशी: अमुक 'फान बेंगालेन', तमुक 'फान मलबार'. कित्येकांना तर महिन्यांची नावं चिकटवली. फेब्रुवारी, सप्टेंबर अशी आडनावं इथे आजही सर्रास भेटतात.

आपल्याला दक्षिण आफ्रिकेतला भारतीय म्हटलं की काय आठवतं? १८९३ सालचं पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशन, गांधीजी, डर्बन. फार तर १८६० साली 'ट्रूरो' जहाजातून नाताळला आलेले उसाच्या मळ्यातले गिरमिटिये. त्याच्या दोनशे वर्षं आधी भारतीय माणूस केपच्या द्राक्षमळ्यात राबत होता, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात नाही. निदान टूरमध्ये तरी असावं की नाही?

याच्याही पुढचं ऐका. ज्याच्या नावावरून स्टेलेनबॉश गाव वसलं, ज्याचा पुतळ्यासारखा उल्लेख प्रत्येक मळ्यावर होतो, त्या सायमन वान डर स्टेलची आजी, म्हणजे आईची आई, 'मोनिका फान गोआ' म्हणून ओळखली जाणारी, दास्यातून मुक्त झालेली भारतीय बाई होती. नातू केपचा गव्हर्नर झाला आणि स्वतः गुलामांचा मालक झाला. ही गोष्ट 'बिचारे आपले लोक' अशी सरळ नाही. गुंतागुंतीची आहे, आणि म्हणूनच ऐकण्यासारखी आहे. गोव्याची आजी आणि केपचा गव्हर्नर! असला मसाला हाताशी असताना गाइड ओक झाडांच्या वयावर दहा मिनिटं बोलतो.

जेवणाचंही तेच. दुपारच्या ताटात 'केप मलय' पदार्थ हमखास असतात: बोबोटी (मसालेदार खिमा, वर अंड्याचा थर), सोसाटी (काडीला लावून भाजलेलं मांस), सोबत 'आचार'. हो, आपलं लोणचं, तेच नाव. मेन्यूकार्डावर लिहिलेलं असतं, 'विविध संस्कृतींचा मिलाफ'. संस्कृतींचा मिलाफ जणू दोन मित्रांनी ठरवून पार्टीत केला! हे पदार्थ ज्या स्वयंपाकघरांत घडले तिथे रांधणारी माणसं विकत घेतलेली होती. जावा, बंगाल, मलबारची चव त्यांनी जिवापाड जपली, कारण नाव, गाव आणि देव काढून घेतल्यावर तेवढीच उरली होती. 'मिलाफ' या गोड शब्दात हे सगळं बुडवून टाकणं मला अपमानास्पद वाटतं.

याच्यावर मला जी उत्तरं मिळतात ती तीन प्रकारची.

पहिलं उत्तर: "अरे, सुट्टीवर आलोय. वाइन प्यायला आलोय, इतिहासाचा तास नकोय." मान्य! मग कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्ये जा. तीच बाटली तिथे मिळते, तीही बसचं भाडं आणि गाइडची फी न देता. टूरवाला जादा पैसे घेतो ते कशाचे? तीनशे वर्षांचे. जुन्या तळघराचे, हवेलीचे, नेपोलियनचे. म्हणजे इतिहासाचा तास तुम्ही घेतलेलाच आहे आणि त्याची फीही भरली आहे. फक्त अर्धा अभ्यासक्रम शिकवून तुम्हाला घरी पाठवलं. भाजीवाल्याकडून कोथिंबिरीची काडी हक्काने मागून घेणारे आपण, इथे मात्र अर्धा माल घेऊन खूश!

दुसरं उत्तर: "जुनं कशाला उकरायचं? झालं गेलं." हे म्हणणाऱ्यांना माझा साधा प्रश्न. १६८५ जुनं नाही का? १६८५ बाटलीच्या लेबलवर चालतं, मग १६५८ नेच काय घोडं मारलं? जुनं नको असेल तर सगळंच नको. निवडून निवडून गोड तेवढं जुनं ठेवायचं, याला इतिहास म्हणत नाहीत, जाहिरात म्हणतात.

तिसरं उत्तर जरा वजनदार आहे: "आता बदललंय की सगळं." थोडं बदललंय, हे खरं. ग्रूट कॉन्स्टान्शियाला मळ्यावरच्या गुलामांच्या जीवनाबद्दल प्रदर्शन आहे. फ्रान्शहुकजवळच्या सोल्म्स-डेल्टा या मळ्याने २००५ मध्ये संग्रहालय उघडून तिथल्या गुलामांची नावं दगडावर कोरली. (पुढे तो मळा आर्थिक संकटात सापडला, ही वेगळी गोष्ट.) व्हर्गेलेगन या दिमाखदार मळ्यावर १९९० च्या सुमारास गुलामांच्या वसतिगृहाचं उत्खनन झालं. जमिनीखाली एका बाईचा सांगाडा सापडला. हाडांच्या रासायनिक तपासणीतून कळलं की तिचं लहानपण कुठल्या तरी उष्ण प्रदेशात, निराळ्या खाण्यावर गेलं होतं. म्हणजे ती इथली नव्हती, दुरून आणलेली होती. विज्ञानाने तिच्याबद्दल एवढं शोधून काढलं, पण टेस्टिंगच्या टेबलापर्यंत ती अजून पोचलेली नाही. प्रदर्शन एका खोलीत, बस पार्किंगमध्ये, आणि वेळापत्रकात 'मुक्त वेळ १५ मिनिटं'. त्या पंधरा मिनिटांत लोक स्वच्छतागृहात जातात. संग्रहालय बांधलं म्हणून जबाबदारी संपली असं होत नाही. गोष्ट सांगायची तर ती ग्लास हातात असताना सांगा.

यात गाइडचा दोष किती? फार नाही. मागे एका टूरमध्ये आमचा गाइड तासभर डच-फ्रेंच करत होता. जेवताना मी त्याला सहज विचारलं, तेव्हा इकडेतिकडे बघत म्हणाला, "माझ्या पणजोबांच्या आधीचे सगळे याच खोऱ्यातल्या मळ्यांवरचे. पण ते सांगितलं की लोक गप्प होतात, टिप कमी पडते." म्हणजे ज्याची ही गोष्ट, त्यालाच ती गिळावी लागते, आपला मूड जाऊ नये म्हणून. हे गिऱ्हाईक म्हणून आपलं कर्तृत्व.

आणि हे सगळं जुनं आहे असंही नाही. १ डिसेंबर १८३४ ला कायद्याने गुलामी संपली. पण 'उमेदवारी'च्या नावाखाली आणखी चार वर्षं त्याच मालकांकडे राबवलं. ब्रिटिश संसदेने सगळ्या साम्राज्यासाठी दोन कोटी पौंडांची नुकसानभरपाई मंजूर केली. कुणाला? मालकांना! सुटलेल्यांना ना जमीन, ना पैसा. मग बहुतेक जण पुन्हा त्याच मळ्यांवर मजूर. त्यांच्या मजुरीचा एक भाग म्हणून मिळायची वाइन, दिवसातून अनेकदा, पेला भरून. या पद्धतीला इथे 'डॉप' म्हणतात. १९६० च्या दशकात तिच्यावर कायद्याने बंदी आली, पण कित्येक मळ्यांवर ती १९९० च्या दशकापर्यंत रेंगाळली. परिणाम? गरोदरपणातल्या दारूमुळे बाळाच्या मेंदूला कायमची इजा होते, त्या विकाराचं प्रमाण जगात जिथे सर्वांत जास्त नोंदलं गेलं त्या भागांत वेस्टर्न केपची ही वाइनची गावं आहेत. आपण ज्या वाइनला 'फळांचा सुगंध, किंचित मधाळ' म्हणतो, त्याच मळ्यांच्या रद्दड वाइनने पिढ्या पोखरल्या.

नोव्हेंबर २०१२ मध्ये द डोर्न्स गावात शेतमजुरांनी संप केला. तो भाग खायच्या द्राक्षांचा, पण संप वेस्टर्न केपमधल्या इतर गावांतही पसरला. किमान मजुरी तेव्हा दिवसाला ६९ रँड होती. मागणी होती १५० ची. मार्च २०१३ पासून मिळाले १०५. मार्च २०२५ पासून देशातली किमान मजुरी तासाला २८.७९ रँड झाली. पुढच्या वेळी टेस्टिंगचं बिल हातात आलं की ते मजुरीच्या तेव्हाच्या दराने भागून बघा. मळ्यातल्या बाईला तेवढ्यासाठी किती तास छाटणी करावी लागते ते निघेल. गणित सोपं आहे, कॅल्क्युलेटर मोबाइलमध्ये असतो.

मग काय करायचं, टूर रद्द? छे! बहिष्काराने त्या मजुराचंच काम जाईल. उलट जा, आणि मागा. बुकिंग करताना टूरवाल्याला विचारा, गुलामांचं प्रदर्शन वेळापत्रकात आहे का, आणि त्याला तासभर आहे की पंधरा मिनिटं? मळ्यावर विचारा, हे तळघर कुणी बांधलं? जेवताना विचारा, ही पाककृती कुणाची? गाइडने खरं सांगितलं तर टिप वाढवून द्या. केप टाउन शहरात १६७९ साली बांधलेलं गुलामांचं वसतिगृह आज संग्रहालय आहे, मळ्यांवर जाण्याआधी सकाळी तिथे जा. जवळच चर्च स्क्वेअरमध्ये २००८ साली उभारलेले काळ्या ग्रॅनाइटचे ठोकळे आहेत, त्यांवर गुलामांची नावं कोरलेली आहेत. वाचा. काही नावं ओळखीच्या किनाऱ्यांची निघतील.

गिऱ्हाईक जे मागतं ते धंदेवाला ठेवतो. गिऱ्हाइकांनी मागितलं म्हणून टूरमध्ये शाकाहारी जेवण आलं, 'जैन फूड' सुद्धा आलं! मग खरा इतिहास का येणार नाही? आपण मागितला नाही, एवढंच.

तेव्हा मंडळी, या, मनसोक्त फिरा, चाखा, बाटल्या बांधून न्या. पण तीनशे वर्षांचे पैसे मोजताय, तर तीनशे वर्षं पूर्ण मोजून घ्या.