उजवा दिवा

पुणे-नाशिक रस्त्यावर पुढच्या ट्रकने उजवा दिवा मिचकावला की त्याचे अर्थ दोन. एक, "मी उजवीकडे वळतोय." दुसरा, "रस्ता मोकळा आहे, जा पुढे." कोणता, ते मागच्याने ओळखायचे! इतकी वर्षे वर्गात श्लेष शिकवला, पण असे जीवघेणे उदाहरण कधी सापडले नाही.

गाड्यांनी एकमेकींशी बिनतारी बोलावे, असे तंत्र आता आहे. ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरींवर प्रत्येक गाडी सेकंदाला साधारण दहा वेळा आपली जागा, वेग आणि दिशा सांगते. काहीशे मीटरवरच्या गाडीला ते कळते, मध्ये वळण असो की धुके. फोक्सवॅगनने २०१९ साली युरोपात आणलेल्या नव्या गोल्फमध्ये ही सोय दिली. त्याच कंपनीचा कारखाना २००९ पासून आपल्या चाकणला आहे.

पण ऐकणाऱ्याकडेही यंत्र नसेल तर बोलून उपयोग काय? आपल्याकडे नवी सोय आधी महागड्या मोटारीत येते. पहाटे पहिल्या पाळीला मोटारसायकलवर निघालेला पोरगा आणि त्याच्या पुढचा ट्रेलर यांचा नंबर शेवटी. माझ्या मते सुरुवात याच दोघांपासून व्हावी. २०२१ मध्ये चारचाकींना फास्टॅग सक्तीचा झालाच ना? (दुचाकीला टोल नाही, म्हणून ती सुटली. जीव मात्र तिच्यावरचाच उघडा.)

आमच्या शेजारचा मुलगा भोसरीहून चाकणला कामाला जातो. ट्रकचा उजवा दिवा दिसला की तो मागेच राहतो. मग त्याच्या मागचे हॉर्न वाजवत बसतात.