घड्याळ ऐकायला तयार आहे

तुमसर तालुक्यातलं नाकाडोंगरी हे मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं गाव. आसपास चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी, बाकी धानाची बांधी आणि जंगल. इथला सूर्य भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे 11 मिनिटं मागे असतो, त्यामुळे सावली पाहून घड्याळ लावायची सोय नाही. खाणीतली पाळी, एसटी, परीक्षा सगळ्यांना प्रमाणवेळच लागते. ती भिंतीवर आणायची तर कोणाच्या तरी मोबाइलमध्ये पाहून काटे फिरवायचे. आणि मोबाइलला आधी रेंज हवी.

जर्मनीत हे काम घड्याळ स्वतःच करतं. फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून 77.5 किलोहर्ट्झवर अखंड वेळ प्रसारित होते. सेकंद सुरू होताना लहर क्षणभर मंदावते, 0.1 सेकंद मंदावली तर शून्य, 0.2 सेकंद मंदावली तर एक. मिनिटभरात तास, मिनिट, तारीख सगळं कळतं. ब्रिटन, अमेरिका, जपान, चीन इथेही अशी केंद्रं आहेत. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा ‘एटीए’ हा वेळसंकेत 1959 पासून लघुलहरींवर लागत असे. तोही बंद झाला.

भारतात हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांचा मुद्दा आभाळातल्या विजेचा असतो आणि तो खोटा नाही. उष्ण कटिबंधात लांब लहरींवर विजेची खरखर फार. जुन्या रेडिओ-घड्याळाला प्रत्येक खूण त्याच क्षणी ओळखावी लागे. मृगात गडगडाट झाला की चुकलंच. संपूर्ण डिजिटल रिसीव्हर घाई करत नाही. तो आलेली लहर आकड्यांत उतरवतो आणि शेकडो सेकंद एकावर एक रचून बेरीज करतो. खळ्यावर धान उडवताना दाणा पायाशी पडतो, कोंडा वाऱ्यावर जातो, तसंच हे. खूण दर सेकंदाला ठरल्या जागी येते, वीज कुठेही कडाडते. शिवाय पुढचं मिनिट एकानेच वाढणार हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तुटक-तुटक ऐकलेलंही जुळवता येतं. रात्रभर ऐकून पहाटे एकदा काटे लावले तरी पुरे. एवढं गणित आज छोट्याशा चिपमध्ये मावतं.

राहिला पाठवणारा. आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी नागपूरला मध्यम लहरींवरचं, 1566 किलोहर्ट्झचं 1000 किलोवॅटचं प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं. 1988 मध्ये सुरू झालेली ती वाहिनी बंद करण्याचा निर्णय 2018 च्या अखेरीस झाला. फ्रान्सनेही 2016 अखेर अलुई इथलं 162 किलोहर्ट्झवरचं रेडिओ प्रसारण थांबवलं. पण त्याच लहरीवरचा वेळसंकेत मात्र चालू ठेवला. आपण मध्यम लहरींची केंद्रं एकेक करून मोडीत काढतो आहोत, तेव्हा हा विचार कोणी केला का? प्रमाणवेळ सक्तीची करणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्राने जानेवारी 2025 मध्ये काढला. ती वेळ पोचवण्याची योजना मात्र मुख्यतः नेटवर्कवर उभी आहे. जिथे नेटवर्क पोचत नाही, तिथल्या भिंतीचं काय?

मध्यम लहर रात्री आकाशातून परतून कमीजास्त होते, ही अडचण खरी. म्हणून चाचणी हवी. नागपूरची एक लहर राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या ताब्यात एका पावसाळ्यापुरती द्या. शंभरेक किलोमीटरवरच्या नाकाडोंगरीत दहा रिसीव्हर टांगा, मृगापासून हस्तापर्यंत, आणि किती घड्याळं बरोबर राहिली ते जाहीर करा.