शिट्टी मुलांच्या हाती नको

मागच्या पालकसभेत एक सूचना आली. ओला व सुका कचरा वेगळा न करणाऱ्या घरांपुढे आपल्या विद्यार्थ्यांनी शिट्ट्या वाजवाव्यात आणि अशा घरांची यादी शाळेच्या फळ्यावर लावावी. हेतू चांगलाच आहे. बदनावरातल्या तुंबलेल्या नाल्या पाहिल्या की शिट्टी वाजवावी असे कुणालाही वाटेल! तरीही या उपायाला आमचा विरोध आहे.

ही शिट्टी आपल्या भागाला नवी नाही. 2014 साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाल्यावर इंदूर जिल्ह्यातल्या खेड्यांत मुलांच्या ‘वानरसेना’ निघाल्या. पहाटे डबा घेऊन निघालेला माणूस दिसला की ही मुले शिट्ट्या वाजवीत. महाराष्ट्रात हेच काम ‘गुड मॉर्निंग पथके’ करीत. या पद्धतीचे मूळ बांगलादेशातले. तिथे 1999-2000 च्या सुमारास कमल कार यांनी राजशाही भागातल्या एका गावात लोकांना त्यांचीच घाण हिंडून पाहायला लावली. किळस व लाज यांचा वापर त्यातही होता, पण पुढे काय करायचे ते गावाने स्वतः ठरवायचे होते. आपल्याकडे येईपर्यंत बऱ्याच ठिकाणी ठरवणे सरकारचे झाले आणि गावाच्या वाट्याला लाज तेवढी उरली.

लाजेने माणूस बदलतो, हे खोटे नाही. पण ती पोहोचते कुणापर्यंत? ज्याच्या घरी संडास होता त्याला शिट्टी कधी ऐकू आली नाही. सापडत ती भाड्याच्या खोलीतली माणसे, म्हातारी माणसे आणि अंधार आहे तोवर आटोपून येऊ पाहणाऱ्या बायका. 12,000 रुपयांचे अनुदान बहुतेक ठिकाणी बांधकाम झाल्यावर मिळे. मजुराने आधी पैसे आणायचे कुठून, याचे उत्तर शिट्टीजवळ नव्हते.

कचऱ्याचेही तसेच आहे. एका खोलीत सहा माणसे राहतात तिथे दोन बादल्या ठेवायच्या कुठे? आणि सातवीतला मुलगा वर्गमित्राच्या आईपुढे शिट्टी वाजवून आला, तर दुसऱ्या दिवशी दोघांनी एका बाकावर बसायचे कसे? मोठ्यांना जे तोंडावर सांगायला संकोच वाटतो, ते मुलांकडून वदवून घेणे आम्हांला पटत नाही.

गाडगेबाबा गावात येत ते हातात खराटा घेऊन. दिवसा रस्ते झाडत, रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारीत. देवाला नवस आणि कर्ज काढून सण करणाऱ्यांना ते भरपूर झोडपत, पण लोक ऐकून घेत, कारण त्या माणसाने सकाळी त्यांचीच गल्ली झाडलेली असे. इंदूर शहर 2017 साली स्वच्छतेत देशात पहिले आले आणि पुढेही बरीच वर्षे पहिले राहिले. तिथे दंड होता, सक्तीही होती. पण कचऱ्याची गाडी रोज दारात येत होती, हे विसरून चालणार नाही.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की यादीचा विषय सोडून द्यावा. आधी शाळेतच वर्गावर्गांत दोन बादल्या ठेवाव्यात. मग मोहल्ल्यात मुलांबरोबर शिक्षकांनी जावे आणि अडचण काय आहे ते घरोघरी विचारावे. ज्यांना बोलायचे नसेल त्यांच्या दारातून नमस्कार करून परतावे, नाव लिहून घेऊ नये. विचारून आल्यावर जे कळेल, ते नगरपरिषदेपुढे मांडायला मात्र पालकांनी व विश्वस्तांनी स्वतः जावे. ते काम मुलांचे नाही.