माळ्यावरची खुर्ची

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची जुनी सागवानी खुर्ची खाली येते आणि घरात वाद सुरू होतो, भंगारात द्यायची की रंधा मारून घ्यायची? मैत्रिणींनो, दोन्हीची घाई करू नका. आमच्या मामंजींची आरामखुर्ची मी मोठ्या हौसेनं सुताराला दिली. त्यानं रंधा मारून अगदी नवी कोरी करून आणली. वर्षानुवर्षं कोपर टेकून हातांवर पडलेला खोलगटपणा मात्र गेला. सासूबाई बोलल्या काही नाहीत, पण त्या खुर्चीत पुन्हा बसल्याही नाहीत.

म्हणून माहेरची वेताची खुर्ची आली तेव्हा आधी परीक्षा घेतली. पायाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर धरा. पॉलिश चिकट होऊन कापूस तपकिरी झाला, तर ते लाखेचं. मग खरवडायचं कारणच नाही! साबणाच्या कोमट पाण्यात फडकं घट्ट पिळून मळ पुसा, वाळू द्या आणि वरून नवे हात मारा. 150 ग्रॅम चपडी लाख एक लिटर स्पिरिटमध्ये, काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा, सकाळी गाळा. जुन्या धोतराच्या तुकड्यात कापसाची पुरचुंडी बांधून रेषांच्या दिशेनं पातळ हात द्या. दोन हातांमध्ये तासभर जाऊ द्या, झिरो नंबरचा पॉलिश पेपर हलकेच फिरवा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हे काम स्वयंपाकघरात नको. पावसाळ्यातही नको, दमट हवेत पॉलिश पांढरट पडतं.

खुर्चीवर जुना तैलरंग असेल तर कोरडा घासू नका. पूर्वीच्या रंगांत शिसं भरपूर असे. घरगुती रंगांतल्या शिशाला कायद्याची कडक मर्यादा आली ती 2017 मध्ये. ही धूळ लहान मुलांना फार वाईट. पाण्याचा पेपर वापरा आणि पोरांना लांब ठेवा.

सांधे डुगडुगत असतील तर खिळा ठोकू नका, लाकूड चिरतं. जुना सरस गरम पाण्यानं सुटतो. तो काढून, वाळवून, नवा लावा आणि सुतळीनं दिवसभर आवळून ठेवा.

वेताला नुसता झोळ पडला असेल, तर खुर्ची उलटी करून खालून गरम पाण्याचं फडकं तासभर ठेवा आणि सावलीत वाळवा. वेत आपोआप ताणला जातो. तुटला असेल तर विणणाराच गाठा. हे मात्र पॉलिशच्या आधी, कारण पाणी लागलं की लाखेवर पांढरे डाग उठतात.