दारात जीप, पांदणीत चिखल



ऊस लागवडीच्या नोंदी घेत गावोगाव फिरताना अलीकडे आम्हाला एक फरक जाणवतो. ज्या अंगणात पूर्वी बैलबंडी सुटलेली असायची, पुढे मोटारसायकल आणि ट्रॅक्टर आला, त्याच अंगणात आता उंच, जाड टायरची जीपगाडी उभी दिसते. कोणाकडे नवी थार, कोणाकडे जुनी घेऊन दुरुस्त केलेली एम.एम. 540, तर कोणाकडे जिप्सी. चहा होईपर्यंत घरचा लेक गाडी दाखवायला नेतो. "सायेब, हे कोठीबी जाते," असे कौतुकाने सांगतो आणि मग हळूच विचारतो, "पण रोजच्याले कशी राहीन?"

हा प्रश्न आम्हाला इतक्या ओसऱ्यांवर विचारला गेला आहे की सर्वांना मिळून एकदाच उत्तर द्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही कृषी पदविकावाले, मोटार मेकॅनिक नव्हे. पण कारखान्याच्या जीपमध्ये वीस वर्षे बसलो आहोत आणि वेळप्रसंगी ती ढकललीही आहे. तेवढ्याच अधिकाराने लिहितो.

आधी जीपचे गुण सांगू. ही मूळची लष्करी गाडी. दुसऱ्या महायुद्धात, 1941 पासून, अमेरिकेने ती लाखोंनी बनवली. आपल्याकडे 1949 साली मुंबईत माझगावला महिंद्रा कंपनीने ती जुळवायला सुरुवात केली. पुढे तहसीलदार, बीडीओ, डॉक्टर, वन खाते आणि सहकारी साखर कारखाने या सर्वांची तीच गाडी झाली. जिथे रस्ता संपे तिथून पुढे जीप जाई. शेतकी खात्याच्या माणसाला तिच्याविषयी माया वाटते ती उगीच नाही. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. खात्याने आणि कारखान्याने जीप घेतली ती कामाचे अवजार म्हणून. वखर कितीही चांगला असला तरी तो कोणी लग्नाच्या वरातीत मिरवत नाही.

आता "कोठीबी जाते" या वाक्याकडे येऊ.

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टातली गोष्ट. एका सभासदाचा मुलगा आम्हाला खोडवा दाखवायला त्याच्या नव्या गाडीतून घेऊन निघाला. आदल्या रात्री पाऊस झाला होता. "पायी जाऊ," असे आम्ही म्हटले. "फोर बाय फोर आहे सायेब," असे म्हणून त्याने दांडा ओढला आणि गाडी वावरात घातली. पन्नास पावले गेलो असू, तेवढ्यात चारही चाके जागच्या जागी फिरू लागली. टायरच्या खाचा काळ्या मातीने अशा भरल्या की टायर गुळगुळीत झाले. जितका जोर लावला तितकी गाडी खाली बसली. शेवटी शेजारच्या वावरातला ट्रॅक्टर बोलावून ती ओढून काढली. मुलाचे वडील धुऱ्यावर उभे राहून सारे पाहत होते. ते एवढेच बोलले, "बंडी आणली असती त तेबी फसली असती. पण तिचा हप्ता त नाही भरा लागत."

यात गाडीचा दोष नाही. चारही चाकांना जोर देणे हे यंत्राचे काम, पण पकड द्यायची ती मातीने. पूर्णेच्या खोऱ्यातली आपली काळी माती पाण्याने फुगते, चिकटते आणि तीच उन्हाळ्यात हातभर भेगाळते. वाळूत, खडकाळ चढावर, मुरमाच्या उतारावर जे यंत्र उत्तम चालते, ते ओल्या काळ्या मातीत हतबल होते. आणि समजा, गाडी गेलीच, तरी ती नेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. सुमारे पावणेदोन टनांची गाडी ओल्या वावरातून गेली की चाकोरीखालची माती दाबून घट्ट होते. तिथे पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, खोडव्याची नवी मुळे खाली उतरत नाहीत. पुढच्या वर्षी त्या पट्ट्यात ऊस खुजा दिसला की आपण खताला दोष देतो.

बरे, रोजच्याचे म्हणाल तर आपली गाडी रोज चालते कुठे? परतवाड्याचा बाजार, अकोटची बँक, अमरावतीचा दवाखाना, अकोल्याचे कृषी विद्यापीठ, सोयऱ्याधायऱ्यांकडची लग्ने. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस डांबरी रस्त्यावर. त्या हिशेबाने या गाड्यांबद्दल पुढील गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली, घरातली माणसे. पायरी उंच असते. गुडघे दुखणाऱ्या आईला आणि नऊवारीतल्या आजीला त्यात चढवताना दोघांना हात द्यावा लागतो. तीन दारांच्या गाडीत मागे जायला पुढची सीट वाकवावी लागते. 2010 ते 2020 दरम्यानच्या थारमध्ये मागची बाके एकमेकांकडे तोंड करून आडवी होती. धडक झाली तर आडवे बसलेल्याला काही आधार नसतो. अशी जुनी गाडी घेणाराने लेकरांना मागे बसवू नये. 2020 च्या नव्या थारला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत 4 तारे आणि 2024 मध्ये पाच दारांच्या थार रॉक्सला भारत एनकॅपमध्ये 5 तारे मिळाले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण तारे आपल्या जागी आणि पट्टा आपल्या जागी. पट्टा लावला नाही तर ताऱ्यांचा उपयोग नाही.

दुसरी, उंची. उंच गाडी खड्ड्यात चांगली, वळणावर नाही. गव्हाची पोती बंडीत उंच रचली की बंडी कशी डुलते, तसेच इथे आहे. चिखलदऱ्याच्या घाटात आणि महामार्गावर अचानक स्टिअरिंग फिरवले तर उंच गाडी लवकर कलंडते. त्यातून आपल्याकडे हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या आणि विनादिव्याच्या बंड्या रस्त्यावर असतात. वेग कमी ठेवणे हाच उपाय.

तिसरी, दांडा. या गाड्यांत चार चाकांचा जोर हवा तेव्हाच लावायचा असतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो लावून वळण घेतले की पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, यंत्र आखडते, टायर झिजतात आणि गिअर खराब होतात. चिखल संपला की दांडा परत करावा. एक सावधगिरी घेताना बाळगावी. 2023 पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. दिसायला तीच, पण त्या दांड्याशिवाय. अशी गाडी घेऊन पांदणीत जाणारे काही जण आम्ही पाहिले आहेत.

चौथी, डिझेल इंजिन. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. घर ते वावर, वावर ते पानटपरी एवढेच रोज चालवले की जाळी तुंबते आणि खर्च काढते. म्हणजे ज्याचे सारे चालणे दोन किलोमीटरच्या आत, त्याने डिझेल गाडी घेताना दोनदा विचार करावा.

पाचवी, पाणी. नव्या थारला 650 मिलिमीटरपर्यंतच्या पाण्यातून जाता येते असे कंपनी सांगते. म्हणजे दोन फुटांच्या थोडे वर. पण तो आकडा थांबलेल्या पाण्याचा समजावा. वाहत्या नाल्याला मोजपट्टी लागत नाही. पाण्याचा लोंढा गाडीला बाजूने ढकलतो आणि खालचा रस्ता वाहून गेला की नाही हे वरून कळत नाही. नाला उतरेपर्यंत थांबणे यात कमीपणा नाही.

आता पैशाचे बोलू, कारण सभासदाशी पैशाचे बोलले नाही तर बोलणे अपुरे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेला उसाचा दर 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550. हिशेबाला पंधरा लाखांची गाडी धरा. तोडणी-वाहतूक न वजा करताच सुमारे सव्वाचारशे टन ऊस झाला. एकरी 30 टन धरले तर 14 एकरांचे सारे पीक. त्यात बी-बियाणे, खत, पाणी, मजुरी कुठेच मोजलेली नाही. उसाचे बिल वर्षातून एकदा, बँकेचा हप्ता दर महिन्याला. ज्याच्याकडे संत्र्याची बाग आहे, दूध आहे, नोकरी आहे, त्याने जरूर घ्यावी. वाईट दिवस काढलेल्या शेतकऱ्याने चांगली गाडी घेऊच नये, असे म्हणणारे आम्ही कोण? मेळघाटच्या पायथ्याशी वावरातच राहणाऱ्या, रोज दोन नाले ओलांडणाऱ्या सभासदाला तर ती गरजच आहे. पण शेजाऱ्याने घेतली म्हणून, ठिबकचे पैसे मोडून घेऊ नये. ठिबक पिकात परत येते. गाडी दर वर्षी किमतीने उतरते.

हे सारे झाल्यावरही मूळ प्रश्न उरतोच. लेकाला ही गाडी का हवी वाटते? हौस आहेच, पण नुसती हौस नाही. त्याच्या वावराला जायला पावसाळ्यात वाट नाही, हे त्यामागचे खरे दुखणे आहे. रस्ता होत नाही म्हणून तो रस्ता नसताना चालणारी गाडी घेतो. सार्वजनिक कामाचा भार तो एकट्याच्या कर्जावर घेतो, असे आम्हाला वाटते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी वावरात राहणाऱ्या एका बाईला साप चावला. गावात दोन फोर बाय फोर गाड्या होत्या. एक त्या दिवशी अमरावतीला गेलेली, दुसरी दारात उभी, पण चावी मालकाच्या खिशात आणि मालक अकोल्याला. चार जणांनी बाज उचलली आणि गुडघाभर चिखलातून एक किलोमीटर चालत आणली. जिथे मुरूम सुरू झाला तिथे एक जुनी साधी गाडी थांबली होती, तिने दवाखाना गाठला. बाई वाचली. पण तो एक किलोमीटर यायला जवळजवळ तास लागला. तेवढ्या किलोमीटरवर मुरूम असता तर कोणाचीही, कसलीही गाडी तिच्या दारापर्यंत गेली असती. गाडी एका घरची असते, पांदण साऱ्या शिवाराची असते.

आपल्याच महामार्गाचे उदाहरण घ्या. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर लोणी ते माना या भागात 75 किलोमीटरचा एक पदर 105 तास 33 मिनिटांत डांबरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पाच दिवसांत 75 किलोमीटर! त्याच महामार्गावरून उतरून वावराकडे वळले की वर्षानुवर्षे तोच चिखल. यंत्रे आहेत, माणसे आहेत, कमी आहे ती आपल्या एकोप्याची आणि पाठपुराव्याची.

मार्ग आहेत. शेत आणि पांदण रस्त्यांसाठी 2021 साली रोजगार हमीच्या जोडीने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना निघाली. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली, आणि वावराला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. पण आमचा अनुभव असा की निकालापेक्षा समेट लवकर होतो. धुऱ्याचे दोन तास दोघांनी सोडले की ट्रॉली जाण्याइतकी वाट होते. आणि वाट झाली की फायदा उसालाही होतो. अवकाळी पाऊस आला की तुटलेला ऊस वावरातच अडकतो, दिवसागणिक वजन घटते आणि उतारा पडतो. हे नुकसान सभासदाचे आणि कारखान्याचे सारखेच आहे.

तेव्हा आमची एक विनंती आहे. ज्यांच्या पांदणी बंद आहेत त्यांनी गट नंबर, लांबी आणि त्यावर अवलंबून असलेल्या सभासदांची नावे लिहून दिवाळीपूर्वी आपल्या गट कार्यालयात द्यावीत. ऊस विकास विभाग गावनिहाय यादी करील आणि ती घेऊन आम्ही सभासदांबरोबर तहसीलात येऊ. रस्ता मिळेलच असे वचन आम्ही देत नाही. सोबत येण्याचे देतो.

आणि ज्या तरुण सभासदांनी जीप घेतलीच आहे, त्यांनी मन खट्टू करू नये. गाडी चांगली आहे, जपून चालवा. यादी द्यायला त्याच गाडीतून या. येताना ज्यांच्याकडे गाडी नाही अशा दोन शेजाऱ्यांना सोबत बसवून आणा.